जुनी सुपरहिरो कॉमिक्स वाचायची आहेत? मग ‘अंक पहिला’ उघडू नका

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी हमखास विचारतं, “स्पायडरमॅन पहिल्यापासून वाचायला घेतला होता, पण आठव्या-नवव्या अंकात दम संपला. एवढं काय आहे त्यात?” जरा खोदून विचारलं की कळतं, कुठून तरी ‘संपूर्ण वाचनक्रम’ नावाची हजारो अंकांची यादी उतरवलेली असते, आणि हा बिचारा वरून खाली एकेक ओळ खोडत निघालेला असतो. दुसरी तऱ्हा बरोबर उलटी. ‘सर्वोत्तम दहा गोष्टी’ शोधायच्या, त्यातला एकेक शेवट तेवढा वाचायचा, आणि मग म्हणायचं की रडायला काही आलं नाही. आधीचे वीस अंक न वाचता रडायला येईल कसं?

आपल्याकडच्या वाचकांचा घोळ होतो त्याला कारणही आहे. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली. त्यातला वेताळ (फँटम) ज्यांनी वाचला, त्यांना रद्दीवाल्याकडचा कुठलाही अंक उचलावा आणि गोष्ट बहुधा तिथल्या तिथे संपावी, ही सवय आहे. १९६१ नंतरची अमेरिकन मासिक कॉमिक्स तशी चालत नाहीत. ती आपल्या मासिकांतल्या ‘क्रमशः’ कादंबरीच्या जातीची आहेत. फरक एवढाच की इथे कादंबरी चालू असताना मधेच लेखक बदलतो.

म्हणून नायक किंवा अंक क्रमांक धरून वाचू नका, रन धरून वाचा. एका लेखकाने, चित्रकाराने किंवा जोडीने एका मालिकेवर सलग केलेलं काम म्हणजे रन. पुढचे सगळे टप्पे त्यावरच आहेत. मी इथे मुख्यतः १९६१ ते १९८६ हाच काळ धरला आहे.

तयारी: एक वही आणि एक तास

वही खरोखरीची घ्या, फोनमधली नको. चार रकाने आखा: मालिकेचं नाव, अंक क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना, कुठे मिळेल. पाचवा रकाना रिकामा ठेवा, त्याचं काम चौथ्या टप्प्यात पडेल.

हे सगळं कुठलंही पुस्तक विकत घेण्याच्या आधी करायचं. आधी पुस्तक आणि मग यादी असं झालं की हातातलं पुस्तक मधलंच कुठलं तरी निघतं. हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो आहे.

टप्पा १: रन निवडा

नवख्या वाचकाला मी चारच दारं दाखवतो. यातलं एकच निवडा.

एक, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडरमॅन. ‘अमेझिंग फँटसी’ क्र. १५ (ऑगस्ट १९६२), त्यानंतर ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ क्र. १ ते ३८ आणि दोन वार्षिक अंक. एकूण ४१. इथे पहिल्या अंकापासून सुरुवात चालते, कारण रनच तिथून सुरू होतो आणि ४१ अंकांत संपतो. पण तुमचा दम आठव्या अंकात संपला असेल तर सरळ क्र. २५ वर या. क्र. ३१ ते ३३ (डिसेंबर १९६५ ते फेब्रुवारी १९६६) हा या रनचा कळस आहे. यंत्राच्या ढिगाऱ्याखाली अडकलेला पीटर पार्कर पानांमागून पानं नुसता तो ढिगारा उचलायचा प्रयत्न करतो.

दोन, ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांचा ‘फँटॅस्टिक फोर’. क्र. १ ला नोव्हेंबर १९६१ ची तारीख आहे, पण तिथून सुरू करू नका. क्र. ४४ ते ६० घ्या. पहिल्या दोन-तीन वर्षांत कर्बी अजून हात मोकळा करतोय, असं माझं मत. क्र. ४४ च्या सुमारास तो असा सुटतो की पुढचे दीड-दोन डझन अंक श्वास घ्यायला सवड देत नाहीत.

तीन, लेखक ख्रिस क्लेअरमाँटचे एक्स-मेन. सुरुवात ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ क्र. १ (१९७५, लेखक लेन वीन, चित्रकार डेव्ह कॉक्रम), मग क्र. ९४ ते १४३. क्र. १०८ पासून चित्रकार जॉन बर्न येतो आणि मालिका वयात येते.

चार, फ्रँक मिलरचा डेअरडेव्हिल. क्र. १५८ (१९७९) पासून तो चित्रं काढतो, क्र. १६८ (१९८१) पासून लिहितोही, आणि क्र. १९१ वर थांबतो. ज्यांना अंतराळ, देवदेवता, समांतर विश्वं यांचं वावडं आहे त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं. गल्ल्या, गच्च्या, कोर्ट आणि पाऊस.

सावधान: १९८६ साली सुरू झालेल्या दोन प्रसिद्ध मालिकांपासून, म्हणजे ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ यांपासून सुरुवात करू नका. दोन्ही उत्तम आहेत, पण आधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या सुपरहिरो गोष्टींवर त्या उलटून प्रश्न विचारतात. प्रश्न कशावर आहे हेच माहीत नसेल तर निम्मा डाव हुकतो.

टप्पा २: यादी करा, आणि आकड्यांवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. अमेरिकन मालिकांचे क्रमांक सरळ रेषेत चालत नाहीत. नेहमी फसवणाऱ्या जागा सांगतो.

क्रमांक चालू राहतो आणि नाव बदलतं. थॉर १९६२ मध्ये ‘जर्नी इन्टु मिस्टरी’ क्र. ८३ मध्ये आला. मालिका त्याच नावाने क्र. १२५ पर्यंत चालली आणि क्र. १२६ पासून तिचं नाव ‘थॉर’ झालं. म्हणजे १९६० च्या दशकातला ‘थॉर क्र. १’ शोधत बसाल तर तो नाहीच. हल्कची गंमत याहून मोठी. १९६२-६३ मध्ये त्याचे सहा अंक निघून मालिका बंद पडली, मग तो ‘टेल्स टु अ‍ॅस्टॉनिश’ मध्ये बिऱ्हाडकरू म्हणून राहिला, आणि १९६८ मध्ये त्याच मालिकेचं नाव बदलून ‘द इन्क्रेडिबल हल्क’ क्र. १०२ झालं. त्या मालिकेत सहाच्या पुढे थेट एकशे दोन.

नाव तेच राहतं आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांचे ‘द न्यू टीन टायटन्स’ १९८० मध्ये सुरू झाले. क्र. ४० पर्यंत हे नाव. क्र. ४१ पासून ‘टेल्स ऑफ द टीन टायटन्स’. आणि त्याच वर्षी, म्हणजे १९८४ मध्ये, ‘द न्यू टीन टायटन्स’ याच नावाने वेगळी मालिका क्र. १ पासून सुरू! दोन्ही मालिका एकाच यादीत कोंबून वाचणारे मला भेटले आहेत. त्यांना गोष्ट कळली नाही यात नवल नाही.

अंक असतात, पण त्यात नवी गोष्ट नसते. एक्स-मेनचा क्र. ६६ हा जुन्या संचाचा शेवटचा नवा अंक. क्र. ६७ ते ९३ मध्ये जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या आहेत. यादीत ‘सत्तावीस अंक राहिले’ म्हणून हळहळू नका, काट मारा.

वार्षिक अंक विसरतात. हे सगळ्यात महागात पडतं. ‘फँटॅस्टिक फोर’मधलं रीड आणि सू यांचं लग्न मासिक अंकात नाहीच, ते १९६५ च्या तिसऱ्या वार्षिकात आहे. क्र. ४४ ला सुरुवात करणाऱ्याने हे लग्न लागून गेलंय एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. पण टायटन्सच्या ‘द जुडास कॉन्ट्रॅक्ट’ या गोष्टीचा क्रम क्र. ४२, ४३, ४४ आणि मग वार्षिक क्र. ३ असा आहे. शेवटचा भाग वार्षिकात! मासिक अंकांच्या क्रमाने वाचणारा ४४ वरून थेट ४५ वर जातो आणि गोष्टीचा शेवटच गमावतो.

त्याच गोष्टीबद्दल आणखी एक. हे चार भाग वेगळे काढून वाचू नका. निदान क्र. २६ पासून या. का, ते सांगत नाही.

‘प्रसिद्ध तीन अंक’ या नावाने मिळणाऱ्या तुकड्यांचीही हीच अडचण. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची गोष्ट ‘फँटॅस्टिक फोर’ क्र. ४८ ते ५० (मार्च ते मे १९६६) म्हणून सांगतात. प्रत्यक्षात क्र. ४८ ची पहिली काही पानं आधीची इनह्यूमन्सची गोष्ट संपवण्यात जातात, आणि क्र. ५० मध्ये विश्व वाचवून झाल्यावर अजून बरीच पानं उरतात. त्यात चौघांतला जॉनी स्टॉर्म चक्क कॉलेजात दाखल होतो. तुकडा वाचणाऱ्याला हे बेंगरूळ वाटतं. क्र. ४४ पासून आलेल्याला कळतं की गोष्टी अशा एकमेकींत गुंफून चालवायच्या, वाचकाला उठू द्यायचंच नाही, हीच तर युक्ती होती. आणि लगेच पुढचा क्र. ५१ सोडू नका. विश्व वाचवल्यानंतर एका माणसाच्या मत्सराची छोटीशी गोष्ट. मला ती आधीच्या तिन्हींपेक्षा प्रिय आहे.

तपासा: मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नव्हे. अंक छापील तारखेच्या दोन-तीन महिने आधी बाजारात येत असे. ‘फँटॅस्टिक फोर’ क्र. १ वर नोव्हेंबर आहे, पण तो ऑगस्ट १९६१ मध्ये विकायला आला. एकच मालिका वाचताना याने काही बिघडत नाही. दोन मालिकांचा मेळ घालताना मात्र छापील महिना जुळला म्हणून घटना जुळतीलच असं धरू नका.

तपासा: यादी पन्नासच्या फार वर गेली का? गेली असेल तर तुम्ही रनच्या बाहेर पडला आहात. मागे या.

टप्पा ३: आवृत्ती निवडा

मूळ अंक जमवायची भानगड सुरुवातीला नकोच. संग्रह घ्या. ते साधारण या प्रकारचे असतात.

जुने ‘इसेन्शियल’ संग्रह: जाड, हलक्या कागदाचे, कृष्णधवल. आता नवे निघत नाहीत, पण जुन्या पुस्तकांत सापडतात. रंग नाहीत म्हणून नाक मुरडू नका, डिट्कोची रेघ यात जास्त स्वच्छ दिसते. कर्बीसाठी मात्र रंग हवेत.

‘एपिक कलेक्शन’: कागदी बांधणी, रंगीत, चार-पाचशे पानांच्या आसपास. मध्यमवर्गीय खिशाला आणि मनगटाला झेपणारा प्रकार. यात एक मेख आहे. पुस्तकावरचा खंड क्रमांक गोष्टींच्या काळानुसार असतो, पण खंड उलटसुलट क्रमाने निघतात. पाचवा आधी आणि दुसरा नंतर. म्हणून ‘नुकताच निघालेला’ म्हणजे ‘पुढचा’ असं समजू नका.

‘ऑम्निबस’: हजार पानांच्या घरातला पुठ्ठाबांधणीचा ठोकळा. कपाटात रुबाबदार दिसतो. उताणं पडून वाचायला घेतलात तर नाकाची जबाबदारी तुमची.

डिजिटल: सर्वांत स्वस्त, आणि परदेशातून मागवण्याची कटकट नाही. फक्त एक करा. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवा. या चित्रकारांनी पान रचलं आहे, सुट्या चौकटी नव्हेत. लहान लहान चौकटींनंतर अचानक पानभर चित्र येतं तेव्हा डोळ्याला बसणारा तो धक्का चौकट-चौकट पाहणाऱ्याला कधीच बसत नाही. फोनवर मजकूर दिसत नसेल तर टॅब्लेट उसना घ्या.

सावधान: पैसे देण्याआधी पुस्तकाच्या वर्णनात कोणते अंक घेतलेत ते शब्दशः वाचा आणि वहीशी ताडून बघा. मुखपृष्ठावरचं मोठं नाव वाचून पुस्तक घेऊ नका. आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचा. या संग्रहांच्या प्रस्तावना कोण मरतं हे पहिल्या परिच्छेदात सांगून मोकळ्या होतात. मागचं पानही तसंच.

आणखी एक मेख, ही माझ्या अंगावर आलेली. पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला क्लेअरमाँटच्या एक्स-मेनचे सुरुवातीचे म्हणून काही अंक मिळाले. दुकानदार छातीठोकपणे “ओरिजिनल आहेत, साहेब” म्हणाला. घरी येऊन पाहतो तर ते ‘क्लासिक एक्स-मेन’. १९८६ पासून निघालेली ही मालिका जुन्या गोष्टी पुन्हा छापायची आणि वर मधेमधे नवी पानंही घालायची. वाईट नाही, पण १९७५ चा वाचक जे वाचत होता ते हे नव्हे. तेव्हापासून मी आधी आतल्या पानावरचा अगदी बारीक टायपातला प्रकाशनाचा मजकूर वाचतो. मालिकेचं खरं नाव, क्रमांक आणि साल तिथे असतं. मुखपृष्ठ थापा मारू शकतं, तो मजकूर सहसा मारत नाही.

टप्पा ४: प्रत्यक्ष वाचन

एका बैठकीत एक अंक. फार तर दोन. ही अट मी फार कडकपणे सांगतो आणि लोक ती सर्वांत आधी मोडतात.

हे अंक महिन्याला एक याप्रमाणे वाचायला लिहिले होते. औषधाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून एखाद्या पोराने मधलाच अंक उचलला तरी त्याला कळावं, म्हणून प्रत्येक अंकात नायक स्वतःची कर्मकहाणी पुन्हा सांगतो. दहा अंक सलग वाचलेत तर हेच दहा वेळा ऐकावं लागेल. ‘भाषा फार पाल्हाळीक आहे’ ही तक्रार मी जितक्यांकडून ऐकली, त्यांतले बहुतेक एका रविवारी अख्खा खंड संपवायला बसलेले होते. रोज रात्री जेवणानंतर एक अंक वाचा. तीच उजळणी मग कीर्तनातल्या पूर्वरंगासारखी वाटायला लागते.

आता पान कसं वाचायचं. आधी फक्त चित्रं बघत पान उतरा, मग वर येऊन फुगे आणि चौकटींतला मजकूर वाचा. यामागे कारण आहे. मार्व्हल या प्रकाशन संस्थेत तेव्हा बहुतेक वेळा लेखक थोडक्यात कथानक सांगायचा, चित्रकार त्यावरून सगळी पानं रचायचा आणि संवाद त्यानंतर भरले जायचे. म्हणजे गोष्ट आधी चित्रांत सांगून झालेली असते. स्पायडरमॅनच्या पुढच्या अंकांत तर कथानकाचं श्रेय डिट्कोच्या नावावर छापलेलंच आहे. दोनदा पान वाचलंत की कधी चित्र एक सांगतंय आणि शब्द त्याला भलतीकडे ओढतायत हे दिसायला लागतं, आणि ती ओढाताण पाहण्यात एक वेगळीच मजा आहे. क्र. ३३ मध्ये ढिगारा उचलतानाची पानं पहिल्यांदा एकही शब्द न वाचता पाहा. चौकटी कशा मोठ्या होत जातात ते बघा.

मग येतात तारांकित टिपा. “आठवतं ना, क्र. १२ मध्ये?” अशी बारीक चौकट कोपऱ्यात असते. तिच्या मागे धावायचं नाही. वहीतला पाचवा रकाना इथे वापरा: टीप आली की तो अंक तिथे लिहा आणि पुढे चला. एखाद्या अंकाचा उल्लेख तीनदा आला तरच तो मिळवून वाचा. माझ्या अनुभवात शंभरातल्या नव्वद टिपांची गरज पडत नाही, कारण लागणारी माहिती त्याच पानावर कुणीतरी बोलून दाखवत असतं.

सावधान: १९६० च्या दशकातल्या बायका सुरुवातीला बेशुद्ध पडणं, खरेदीला जाणं आणि नायकाची काळजी करणं यापलीकडे फार काही करत नाहीत. सू स्टॉर्मचे आरंभीचे अंक वाचताना चिडचिड होते, माझीही झाली. क्र. ४४ ची शिफारस करण्यामागे हेही एक कारण आहे, तोवर तिला जरा बरं काम मिळायला लागलेलं असतं.

टप्पा ५: सहा अंकांनी थांबा

सहा अंक झाले की वही बंद करून स्वतःला विचारा: पुढच्या अंकात कोणाचं काय होईल, हा विचार दिवसा आला का? खलनायकाचा नव्हे, घरच्या माणसांचा. पीटरच्या मे काकूचं आजारपण, रीड आणि सू यांची बोलाचाली. आला असेल तर रन पुरा करा. नसेल तर सोडा आणि दुसरं दार उघडा. तुम्हाला कर्बी मानवत नसेल तर ३० अंक अधिक वाचूनही मानवणार नाही.

रन संपल्यावर बहुतेक जण त्याच मालिकेचा पुढचा अंक घेतात. घ्यायचा असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. स्पायडरमॅनच्या क्र. ३९ पासून चित्रकार जॉन रोमिटा आला आणि मालिकेचा चेहरामोहराच बदलला. चौकोनी, अवघडलेली पोरं एकदम देखणी झाली. काहींना तेच जास्त आवडतं. पण ही दुसरी मालिका आहे असं समजून नवं पान आखा. माझी पद्धत वेगळी आहे, मी नायक सोडतो आणि माणसाच्या मागे जातो. मिलर आवडला तर डेअरडेव्हिलचेच क्र. २२७ ते २३३ (१९८६), तिथे तो लेखक म्हणून परततो आणि चित्रं डेव्हिड मॅझुकेल्लीची आहेत. त्यापुढे याच जोडीचा बॅटमॅन, क्र. ४०४ ते ४०७ (१९८७). पेरेझची गर्दीची पानं आवडली तर ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’चे बारा अंक (१९८५-८६). पण हे बारा अगदी शेवटी. डीसी या प्रकाशन संस्थेची अनेक विश्वं त्यात एकत्र गोळा होतात आणि मोडीत निघतात. जी विश्वं तुम्ही पाहिलीच नाहीत, ती मोडल्याचं दुःख कसलं होणार?

टप्पा ६: मूळ अंक हाती लागलाच तर

रद्दीत, परदेशातून आलेल्या कुणाच्या पेटीत, माटुंग्याच्या फुटपाथवर, कधीतरी एखादा खरा जुना अंक मिळतोच. घरी आणल्यावर या क्रमाने चला.

आधी दोन दिवस तो बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा. कसर आणि बुरशी सोबत आली असेल तर कपाटभर पसरते. मग मधल्या पिना बघा. मुंबई-कोकणाच्या हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग कागद खात जातो. गंजलेल्या पिना स्वतः उपटायला जाऊ नका, मधलं पान हातात येतं. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, अंक टेबलावर सपाट ठेवून वाचा. दुमडून मागे वळवून तर कधीच नाही.

फाटलं असेल तर फाटू द्या. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि खालची शाई व कागद घेऊनच निघतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढताच येत नाही.

हा स्वस्त वर्तमानपत्री कागद आहे, त्यातल्या आम्लामुळे तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. उन्हाने आणि दमटपणाने ते आणखी लवकर होतं. आम्लरहित पुठ्ठा मागे घालून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवा. साध्या किराणा प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पिशव्या खोक्यात उभ्या, दाटीवाटी न करता. खोकं जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला.

दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की खोकं उघडा, प्रत्येक अंक बाहेर काढून सावलीत तासभर वारा द्या. त्या तासात एखादा वाचायला घेतलात तर मात्र वहीत नोंद करा, नाहीतर परत ठेवताना क्र. ९७ आणि क्र. ९९ च्या मध्ये रिकामी जागा दिसते आणि आख्खं घर उपसावं लागतं.